उणे तीन म्हणजे उजवीकडे

आमचे दाजी चारचौघांत आले आणि आम्हाला मान खाली घालावी लागली नाही, असं शिरूरपासून दौंडपर्यंत आजवर एकदाही घडलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी उभा जन्म गणित शिकवण्यात घालवला. गणित शिकवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी घरी आल्यावर तुमच्याआमच्यासारखी वागतात. दाजींना ते कधी साधलं नाही. बरं, त्यांचा जीव सगळ्या गणितावर होता असंही नाही. त्यांचा जीव होता एकाच प्रकरणावर: दोनाचा एक्स घात, त्याचा जोडीदार लॉग, आणि या दोघांचे ग्राफ उचलून इकडून तिकडे सरकवणं, ताणणं, दाबणं, उलटे करणं. पुस्तकात या विषयाला जेमतेम चार पानं. दाजी त्यात दिवाळीपर्यंत रमायचे आणि मग उरलेला सगळा पोर्शन पॅसेंजरची एक्स्प्रेस करून उरकायचे. पोरं कुरकुरायची, मुख्याध्यापक बोलवून घ्यायचे. दाजी म्हणायचे, ‘‘बाकीचं पुस्तकात हाय. हे हातात यावं लागतं.’’

आणि ते खरोखरच हातात होतं. दोनाचा एक्स घात कसा दिसतो हे दाखवायला दाजींना फळा लागत नसे. डावा हात कमरेच्या उंचीला, जमिनीलगत निघाल्यासारखा आडवा, बोटं किंचित खाली. उजवा हात एकदम आभाळात. ‘‘डावीकडं बघा. जवळ चाललाय, जवळ चाललाय, पन टेकत न्हाई. आता उजवीकडं बघा. सुटला.’’ हे ते वर्गात करत तोवर ठीक होतं. पण शिरूरच्या एसटी स्टँडवर, मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावात, कुणाच्या दहाव्याला नदीवर, जिथं म्हणून वाढण्याचा विषय निघेल तिथं दाजींचे हात पसरत. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळे पाहुणे हात जोडून उभे आहेत आणि टोकाला दाजी ग्राफ होऊन उभे आहेत. त्यांचा डावा तळवा खुर्चीवर बसलेल्या माझ्या सासऱ्यांच्या फेट्यावर बोटभर अंतर राखून तरंगतोय. टेकलेला नाही, तो टेकणार नाहीच. अल्बम बघणारा प्रत्येक माणूस विचारतो, ‘‘हे एसटीला हात करनारे कोन?’’ आणि मी पान उलटतो.

मुळात ते लग्न ठरलं हेच नवल. बैठक सासुरवाडीला, खुटबावला होती. सोसायटीचे माजी चेअरमन, दोन सरपंच, भावकीतली बडी मंडळी सतरंजीवर बसलेली. मी तेव्हा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत नुकता कायम झालो होतो. सासऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, ‘‘मुलाचा पगार वाढतो का?’’ वडील उत्तर द्यायला तोंड उघडतात तोच दाजी म्हणाले, ‘‘वाढतो की. लॉगसारखा. वाढायचा कवा थांबत न्हाई, पन वाढतोय आसं दिसतबी न्हाई.’’ आणि बसल्या जागी हात वर नेऊन तो हळूहळू आडवा करत त्यांनी माझं सगळं भविष्य त्या सतरंजीवर मांडलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला त्या दिवशी वाटलं. सासऱ्यांनी दाजींचा आडवा झालेला हात नीट न्याहाळला. मग शेजारच्याला म्हणाले, ‘‘माणूस येडा हाय, पन खोटं बोलत न्हाई. ह्यांच्यात पोरगी द्यायला हरकत न्हाई.’’ माझा पगार पुढे कसा वाढला हे मी इथे सांगत नाही. दाजींचा हात बरोबर होता.

आक्काची तर गोष्टच वेगळी. जेवणाच्या वेळेला अचानक पाहुणे आले की जगातली कुठलीही बाई आमटीत तांब्याभर पाणी ओतते आणि त्याबद्दल घरातला कुणी ब्र काढत नाही. दाजी पाहुण्यांना पहिला घास घेऊ देत आणि कौतुकानं सांगत, ‘‘आज आमटीला निम्म्यानं गुणलंय बरं का. आकार तोच हाय, फक्त दाबलीय.’’ आक्का आतल्या खोलीत जाऊन कपाळाला हात लावायची. एकदा मी त्यांच्याबरोबर सलूनमध्ये गेलो होतो. खुर्चीत एक गिऱ्हाईक, निम्म्या गालाला फेस. दाजींनी खुंटीवरचा छोटा आरसा काढला, त्या माणसाच्या तोंडापुढे तिरपा धरला आणि म्हणाले, ‘‘आता ह्यात बघा. उभं ते आडवं झालं, आडवं ते उभं. घाताचा लॉग आसाच होतो.’’ तो माणूस घाबरून तसाच उठला. मला राहवलं नाही, मी म्हणालो, ‘‘दाजी, एवढ्यासाठी आरसा कशाला? माणूस आडवा झोपला की झाला लॉग.’’ दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या दारात काही घाण टाकली असावी. ‘‘झोपणं म्हंजी फिरवणं. लॉग म्हंजी आरसा. दोन्ही एक न्हाईत, पाव्हणं.’’ सलूनवाल्यानं पुढच्या वेळी आरसा खिळ्यानं ठोकून टाकला.

दौंडला माझ्याकडे आले की त्यांचं ठरलेलं ठिकाण म्हणजे स्टेशन. कुणाला आणायला, सोडायला नव्हे. लेट गाड्या बघायला. दौंड जंक्शनला त्या दृष्टीनं काही कमी नाही. भोंग्यावर ‘तीन घंटे देरी से’ ऐकू आलं की सगळा प्लॅटफॉर्म रेल्वेच्या नावानं बोटं मोडतो. दाजींचा चेहरा खुलायचा. एकदा घामाघूम झालेल्या, दोन बॅगांवर बसलेल्या एका गृहस्थाला त्यांनी गाठलं. ‘‘लेट म्हंजी काय झालं सांगा. गाडी तीच, डबे तेच, इंजिन तेच. सगळं वेळेच्या रेषेवर उजवीकडं सरकलं. आकार बदलला का? न्हाई. आता मला सांगा, तीन तास लेट, तर वेळेतनं तीन वजा करायचे का मिळवायचे?’’ तो गृहस्थ म्हणाला, ‘‘मिळवायचे.’’ ‘‘चुकलं. आत्ता किती वाजले त्यातनं तीन वजा करा, मंग टाइमटेबलात बघा, गाडी आत्ता कुठवर आली आसंल ते कळतंय. वजा तीन, म्हनून उजवीकडं. सगळी दुनिया हितंच फसती. वजा ऐकलं की डावीकडं पळती.’’ तो माणूस उठला, दोन्ही बॅगा उचलल्या आणि प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्याच्या नजरेत मीही दाजींबरोबरचाच होतो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे मी असं हप्त्याहप्त्यानं शिकलो.

इथवरची लाज हसण्यावारी नेता येते. पुढची येत नाही.

माझी मुलगी प्राजू बारावीला गणितात नापास झाली. निकालाच्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये पेढ्यांचे बॉक्स फिरत होते आणि प्रत्येक जण मला विचारत होता. मी सांगितलं, निकाल राखून ठेवलाय. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. मग मी शिफ्ट बदलून घेतली, म्हणजे विचारणारी तोंडं बदलतील. जुलैच्या परीक्षेला प्राजूनं बसायलाच नकार दिला. ‘‘पप्पा, मला परत नापास व्हायचं नाही,’’ एवढंच म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. शेजारीपाजारी दिसायला नको म्हणून मी तिला शिरूरला आक्काकडे पाठवून दिली. अभ्यासासाठी पाठवली असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मी तिला लपवली होती.

दाजींनी तिला नापासाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. फेब्रुवारीला बसणार का, हेही नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला स्वतःबरोबर कॉलेजात नेऊ लागले, मागच्या बाकावर बसवू लागले. रिपीटरला वर्गात बसवत नाहीत, हे मुख्याध्यापकांनी सांगून पाहिलं. दाजी म्हणाले, ‘‘मंग मलाबी बसवू नका.’’ आणि डिसेंबर लागला तसं त्यांच्या डोक्यात सव्वीस जानेवारीचं खूळ शिरलं. झेंडावंदनानंतर दरवर्षी लेझीम व्हायचं, कवायत व्हायची. यंदा दाजी पोरांचा जिवंत ग्राफ करणार होते. मैदानावर पांढऱ्या फक्कीनं दोन अक्ष आखायचे, एकेका बिंदूवर एकेक पोर हातात पताका घेऊन उभं करायचं, आणि मग हुकूम होईल तसं सगळ्या ग्राफनं सरकायचं. तालमी रोज संध्याकाळी होऊ लागल्या. अडचण एवढीच होती की दोनाचा घात कुणाच्या मैदानाची पर्वा करत नाही. एक्सच्या चारवरचं पोर सोळा घरं वर, तिथवर मैदान पुरलं. पाचचं पोर बत्तीस घरं वर, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, रसवंतीच्या दारात उभं करावं लागलं. भिंतीवरून त्याची फक्त पताका दिसायची. पाया, म्हणजे ज्याचा घात घ्यायचा तो आकडा, दोनाचा दीड केला की ग्राफ खाली यायचा आणि ते बिचारं फाटकातून धावत आत यायचं. पुन्हा दोन केला की धावत बाहेर. रसवंतीवाल्यानं त्याच्यासाठी एक स्टूलच राखून ठेवलं होतं.

प्राजूला त्यांनी दिलेली जागा म्हणजे शून्यावरची, अक्षापासून एक उंच. पाया दोन करा, दीड करा, काही करा, बाकीची पोरं वरखाली धावायची. ही आपली जागच्या जागी. आक्कानं फोनवर सांगितलं तेव्हा मला फार लागलं. नापास पोरीला काही जमायचं नाही म्हणून नुसतं उभं केलं, असं मी समजलो. दाजींना तसं बोललोही. ते म्हणाले, ‘‘आवो, काय बी झालं तरी जी जाग्यावर ऱ्हाती, तिच्यावरनं तर सगळा ग्राफ वळखायचा.’’ मला ते समजूत घातल्यासारखं वाटलं.

सव्वीस जानेवारीला मी आणि बायको न्हावऱ्यावरून मोटरसायकलनं शिरूरला गेलो. स्टेजवर संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, शेजारी गावातली मानाची मंडळी. स्टेजच्या दोन्ही अंगाला पालकांसाठी मांडव. मी मुद्दाम मागची खुर्ची धरली, तर शेजारी नेमका कंपनीतलाच एक जण. त्याची पुतणी लेझमीत होती. मैदानावर दाजी शिट्टी फुंकत, हात पसरत धावत होते. त्यानं विचारलं, ‘‘ह्यो शिट्टीवाला कोन रं?’’ मी म्हणालो, ‘‘आसंल कुनीतरी सर.’’ बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडली.

खरं सांगायचं तर ग्राफ सुंदर दिसत होता. डावीकडे पताका जमिनीलगत, मग अलगद उचल, मग एकदम झेप आणि शेवटची पताका थेट भिंतीच्या वर. पाया बदलला, सगळे हलले, प्राजू हलली नाही. शेजारचा म्हणाला, ‘‘त्या पोरीला काय येत न्हाई वाटतं.’’ मी बाटलीचं झाकण फिरवत राहिलो. मग पुढचा हुकूम द्यायची वेळ आली आणि आप्पांना हुक्की आली. ‘‘द्या इकडं माईक. ह्यो हुकूम आमी देतो.’’ दाजींनी त्यांच्या कानात काय म्हणायचं ते सांगितलं. आप्पांनी घसा साफ केला, ‘‘एक्स वजा तीन’’ असं ठणकावून सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा हात आपसूक डावीकडे गेला.

महिनाभर तालीम केलेली पोरं ती. पण ज्या हाताच्या इशाऱ्यावर सोसायटी, संस्था आणि निम्मा तालुका हलतो, त्या हाताच्या उलट कोण जाणार? सगळा ग्राफ डावीकडे गेला. कवायतीचे सर गेले, पताका वाटणारा शिपाईसुद्धा दोन पावलं डावीकडे सरकला. आणि प्राजू एकटी उजवीकडे गेली. फक्कीवरून पावलं मोजत, खाली बघत, तीनवर जाऊन थांबली.

मांडव हसला. शेजारचा मांडीवर थाप मारून हसला. तेवढ्यात मी उभा राहिलो आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो, ‘‘प्राजू, अगं तिकडं कुठं? सगळ्यांबरोबर जा ना.’’ आणि आप्पांपेक्षा मोठा हात करून तिला डावीकडे बोलावलं. स्टेशनवर, दाजींच्या तोंडून, मी स्वतः कितीदा ऐकलं होतं की वजा तीन म्हणजे उजवीकडे. पण त्या क्षणी मला गणित आठवलं नाही. माझी पोरगी पुन्हा चुकली, सगळ्यांदेखत चुकली, एवढंच मला दिसलं.

तिनं वर पाहिलं. मला शोधलं. आणि मान खाली घालून ती डावीकडे निघाली, जाऊन सगळ्यांत उभी राहिली.

आता दाजी आप्पांना चुकीचं ठरवणार, याची मला खात्री होती. आमटीचं पाणी न लपवणारा माणूस तो. पण दाजींनी शिट्टी खिशात टाकली, सावकाश चालत गेले आणि प्राजूनं सोडलेल्या जागेवर जाऊन उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना सरळ, खाली. उभ्या आयुष्यात मी त्यांना हात न पसरता उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. आप्पा माईकवरून हसत म्हणाले, ‘‘सर, तुमीच रस्ता चुकला की.’’

‘‘न्हाई आप्पा,’’ दाजी म्हणाले. माईक नव्हता, पण मैदान एवढं शांत झालं होतं की मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू आलं. ‘‘आत्ता हितं माझी एक मुलगी हुती. जागा मोकळी ऱ्हाऊ नये म्हनून उभा हाय.’’

कुणीतरी भिंतीकडे बोट दाखवलं. रसवंतीच्या दारातल्या त्या पोराला आप्पांचा हात दिसलाच नव्हता, त्यानं फक्त भोंग्यावर ऐकलं होतं. त्याची पताका भिंतीवरून सुळकन उजवीकडे सरकून तिथं ऐटीत थांबली होती. पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो जरा बावरलेला होता. प्राजू हळूच रांगेतून निघाली आणि जाऊन दाजींच्या शेजारी उभी राहिली. तिच्यामागून दोन-तीन पोरं निघाली, काही मध्येच थांबली, काही आप्पांकडे बघत राहिली. ग्राफ मोडला तो मोडलाच. आप्पा शहाणे माणूस. म्हणाले, ‘‘बरं, आता लेझीम होऊन जाऊ द्या.’’ शेजारचा मला म्हणाला, ‘‘तुझी पोरगी व्हय ती?’’ मी व्हय म्हणालो. त्यानं त्या शिट्टीवाल्याबद्दल पुन्हा विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

दुपारी आक्काकडे जेवायला बसलो. प्राजूला मी विचारलं, सगळे तिकडे जात असताना तुला भीती नाही वाटली? ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, ‘‘मी लेट आहे ना, पप्पा. लेट गाडी उजवीकडंच सरकते. मामा म्हणतात, आकार बदलत नाही.’’ आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मला तिच्याकडे बघवेना. मी दाजींकडे वळून म्हणालो, ‘‘दाजी, माझं चुकलं.’’ दाजी आमटीची वाटी पुढे करत म्हणाले, ‘‘सगळेच डावीकडं जात्यात हो. वजा म्हणलं की मानसाला वाटतं, मागं गेलं. मीबी पहिल्यांदा डावीकडंच गेल्तो.’’ आणि आक्काला हाक मारून म्हणाले, ‘‘आज आमटी गुणली न्हाई वाटतं. बेस हाय.’’

प्राजू फेब्रुवारीला परीक्षेला बसली. फार गुण मिळाले असं म्हणत नाही, पास झाली. यंदा ती पुण्यात बी.एस्सी. करते. कंपनीत मी पेढे वाटले, पण एक वर्ष उशिरा वाटतोय हे सांगायचं टाळलं. दाजी निवृत्त झाले. हल्ली त्यांचा उजवा खांदा धरलाय, हात खांद्याच्या वर जातच नाही. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, तो ते करत नाहीत. मागच्या महिन्यात भेटलो तेव्हा तो अर्धवट हात माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘‘घात संपला, पाव्हणं. आता लॉग. चढतोय, पन दमादमानं.’’ आणि हसले. मला हसू आलं नाही.

परवा प्राजूला आणायला दौंड स्टेशनवर गेलो होतो. गाडी लेट. शेजारी एक माणूस बॅगेवर बसून रेल्वेला शिव्या घालत होता, त्याची मुलगी कंटाळून त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. मला एकदम वाटलं, याला सांगावं. गाडी तीच, डबे तेच, नुसती उजवीकडे सरकलीय. माझा उजवा हात उठलाही. पण पुरता वर जायच्या आधी मी मागे वळून पाहिलं, कंपनीतलं कुणी बघत तर नाही ना. आणि तो हात तसाच केसांवरून फिरवून खिशात घातला.